आंबट पाणी

आमच्या घरातली सगळी भांडी आतून पांढरी होती. बादली, पिंप, न्हाणीतली तोटी, चहाचं पातेलं, सगळ्यांना चुन्याचं पूट चढलेलं असायचं आणि आई दर शनिवारी अंगणात बसून ते चिंचेच्या चोथ्याने घासायची. चिंच लागली की पुटातून बारीक बुडबुडे फुटत. नागपुरात कळमन्याच्या धान्य-भाजीबाजाराला लागून आमची वस्ती, आणि तिथे नळाला एक दिवसाआड करंगळीएवढी धार यायची. ती धार प्यायला आणि डाळीला, कारण बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळली तरी दाणा न् दाणा वेगळा राहायचा आणि वरण घोटलं गेलं नाही तर बाबा ताटावरून उठायचे. बाकी सगळ्याला बोअर. आंघोळ, कपडे, कूलर, आणि पुढे माझी झाडं. नळाच्या पाण्याचा एक तांब्याही स्लॅबवर जाणार नाही, हा घरचा कायदा आईने केलेला होता. स्लॅब म्हणजे गच्ची. आमच्या भागात गच्ची कुणी म्हणत नाही.

त्या वर्षी मी घरी होते. बारावी झाली होती, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले होते आणि ‘पुन्हा बस’ म्हणणारे रोज कुणी ना कुणी चहाला येत होते. मी बसणार नव्हते. हे मी बाबांना सांगितलं, आईला सांगितलं, चहाला येणाऱ्यांना सांगितलं, आणि कुणी ऐकेना तेव्हा प्रवेशपरीक्षेची सगळी पुस्तकं एका पोत्यात भरून बर्डीच्या बाजारपेठेत नेली आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकून टाकली. परत आले तेव्हा माझ्या पर्समध्ये पेनाएवढं एक मीटर होतं. पाण्यात बुडवलं की ते पाणी किती आंबट आहे, ते आकड्यात सांगणारं. त्या हिवाळ्यात कृषी प्रदर्शनात मी एका मांडवात पालक पाहिला होता, मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर. मांडववाल्याने एक रोप उचलून दाखवलं आणि त्याची मुळं पांढरी, लांब, ओली अशी हवेत लोंबली. शाळेपासून मी मुळांच्या आकृत्या काढत आले होते. जिवंत मुळं मी पहिल्यांदा पाहिली आणि मला काय करायचंय हे तिथे उभ्या उभ्या ठरलं. आजही कुणी विचारलं की हे वेड कुठून लागलं, तर मी त्या मुळांचंच सांगते.

बाबा बाजारात मापारी होते. शेतकऱ्याचं धान्य काट्यावर चढलं की त्याचं वजन सांगणं हे त्यांचं काम. दिवसभर तुरीची आणि गव्हाची धूळ नाकात जायची, त्यामुळे संध्याकाळी ते बोलायच्या आधी पाच-सहा वेळा शिंकायचे. पुस्तकं विकल्याचं कळलं त्या संध्याकाळी ते शिंकले, तोंड धुतलं, आणि माझ्यासमोर बसले.

“लातूरच्या शिकवणीत नाव टाकलं हाय मी तुहं. उन्हाळा संपता संपता गाडी. जाशीन का नाही, तेवढं सांग.”

“नाही जाणार.”

“काहून?”

“मले डॉक्टर व्हायचं नाही, बाबा.”

“मंग काय व्हायचं हाय? माळीण?”

“हो.”

आईचा हात पोळपाटावर थांबला. बाबांनी बाजारात सौदा ठरवतात तसं ठरवून टाकलं. गाडीच्या दिवशी स्लॅबवर खाण्याजोगी भाजी उभी असली, तर पुढचं बोलू. नसली, तर मी मुकाट गाडीत बसायचं. मी म्हटलं, ठीक आहे. मनातून मी मुकाट बसणाऱ्यांतली नव्हते, पण अट मला आवडली होती, कारण ती मी जिंकणार होते.

स्लॅबवर मी प्लंबरकडचे उरलेले पाइप मांडले, त्यांना भोकं पाडली, चहाच्या प्लास्टिकच्या कपांना तळाशी छिद्रं करून त्यांत देवळातल्या नारळांच्या शेंड्या भरल्या आणि त्यांत पालकाची रोपं लावली. खाली एक टाकी, टाकीत खत कालवलेलं पाणी, आणि ते पाणी पाइपांतून फिरवायला कूलरचा पंप. हिवाळ्यात कूलर घडवंचीखाली सरकवलेला असतो, त्याच्या पंपाची कुणाला आठवणही नसते. रात्री अंथरुणात पडलं की वरून त्याची बारीक गुणगुण आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज यायचा. त्या आवाजावर मला गाढ झोप लागायची.

आमच्या घरात आणखी एक माणूस होतं आणि ते सगळ्यांना पुरून उरणारं होतं. मोठी आई. माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यावर खापा गावातली संत्र्याची बाग मुलाच्या, म्हणजे माझ्या चुलत दादाच्या, हवाली करून ती डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली, ऑपरेशन झालं, आणि ती राहिली. उन्हाळ्यात आमचा स्लॅब म्हणजे तिचं राज्य. गल्लीत सर्वांत मोठा आणि सावली न येणारा स्लॅब आमचा, म्हणून साऱ्या बाया कुरडया, पापड, सरगुंडे वाळवायला आमच्याकडे येत आणि कुणी कुठे काय पसरायचं ते मोठी आई खाटेवर बसून ठरवत असे. माझे पाइप पाहून तिने कमरेवर हात ठेवले.

“का वं शुभे, ह्या नळ्या कायच्या मांडून ठेवल्या? माह्या कुरडया कुठी टाकू मी?”

“अर्धा स्लॅब तुहा, अर्धा माहा.”

“अर्ध्यात काय होते? अन् एवढ्या पाण्यात कायले भाजी लावून राहिली? खाप्याले माती संपली का?”

“खाप्याची माती दादाची आहे. माझ्याकडे स्लॅबच आहे.”

त्यावरून ती माझ्यावर दिवसभर चिडून राहिली. पण रोज सकाळी मी मीटर बुडवायला वर गेले की ती गुडघे धरत जिना चढून यायचीच. काय करतेस, कशाला करतेस, हे विचारायची आणि पटलं नाही की भांडायची. मी तिला समजावून सांगितलं होतं. झाडाला पाण्यातून खत द्यायचं तर ते पाणी किंचित आंबट लागतं. मीटरवर सहाच्या आसपास. सात म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही, आणि त्याच्या वर गेलं की पाण्यात लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही. वाढलेलं ताट समोर आणि तोंड बांधलेलं, तशी झाडाची गत. आमच्या बोअरचं पाणी आठच्या घरात होतं. म्हणून मी रोज किराण्यातलं निंबूसत, साखरेसारखे दिसणारे ते आंबट खडे, टाकीत विरघळवून आकडा सहावर आणत असे.

“म्हणजे आंबट पाहिजे,” मोठी आई म्हणाली.

“हो. थोडं आंबट.”

इथेच सगळं सोपं झालं असतं तर लिहायला काही उरलं नसतं. संध्याकाळी मीटरवर सहा करून सोडलेलं पाणी सकाळी पाहावं तर साडेसातचा आकडा ओलांडून गेलेलं असे. मी पुन्हा निंबूसत टाकायची, ते पुन्हा चढायचं. पालकाची नवी पानं पिवळी येऊ लागली, शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा. मी खत वाढवलं, लोह वाढवलं, काही फरक पडेना. बाबा संध्याकाळी टॉवेल वाळत घालायला वर येत, पानांकडे पाहत आणि न बोलता खाली जात. ते न बोलणं मला बोलण्यापेक्षा झोंबायचं. गल्लीतल्या बाया म्हणत, पोरगी पाण्यात कावीळ पिकवून राहिली. मी त्यांना तोंडावर सांगितलं की कावीळ माझी आहे, तुम्ही तुमचे पापड पाहा. मला त्या दिवसांत भीती वाटत होती, हे खरं आहे. पण भीती वाटली की माझी जीभ आणखी चालायची, आणि ती सवय अजून गेलेली नाही.

होळी झाली आणि नागपूरचं ऊन एकदम अंगावर आलं. बाबांनी कूलर बाहेर काढला, टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि गरम हवा आली. पंप कुठे आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मी जेवता जेवता थांबले. मागितला असता तर मला द्यावा लागला असता, कारण घरात एकच पंप होता आणि दुसरा आणा म्हणायला मला तोंड नव्हतं. आई उठली, न्हाणीतला प्लास्टिकचा मग घेतला आणि खिडकीच्या बाहेर उभी राहून कूलरच्या वाळ्यावर मगाने पाणी ओतू लागली. थोड्या वेळाने आत थंड वारा आला, ओल्या वाळ्याचा वास आला. “लागते की चांगली हवा,” ती खिडकीतूनच म्हणाली. त्या उन्हाळ्यात रोज दुपारी आणि झोपायच्या आधी आई तो मग घेऊन उभी राहिली. तिने माझी बाजू कधी शब्दांत घेतली नाही. भांडणात तिचा उपयोग नव्हता, असं मोठी आई म्हणायची. मला मात्र त्या मगाचा फार आधार वाटायचा, आणि आज कुणी आईला भोळी म्हटलं तर मी भांडायला उठते.

मग कुरडयांचा पहिला घाणा आला. कुरडईला गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, गहू आंबले की वाटून त्यांचा चीक काढायचा. ते बदललेलं पाणी आमच्याकडे फेकत नाहीत. ते अंगणातल्या गोडनिंबाला, म्हणजे कढीपत्त्याच्या झाडाला जातं आणि गोडनिंब त्यावर फोफावतो. एका सकाळी मी टाकीत मीटर बुडवलं तर आकडा चार. मला वाटलं मीटर गेलं. मीटरबरोबर पुड्या मिळतात, त्या बॅटरीच्या दुकानातल्या शुद्ध पाण्यात विरघळवल्या की कुठला आकडा आला पाहिजे हे आधीच ठाऊक असतं. त्या ओळखीच्या पाण्यात बुडवलं, मीटरने बरोबर सात दाखवला. मीटर शाबूत होतं. पुन्हा टाकीत, पुन्हा चार. मग मी वाकले आणि मला वास आला. तो वास मी लहानपणापासून ओळखत होते. एक रोप उचललं. मुळं तपकिरी झाली होती, हाताला बुळबुळीत लागत होती आणि ओढल्यावर तुटून हातात आली.

मोठी आई खाली गहू निवडत बसली होती.

“माझ्या टाकीत गव्हाचं पाणी कोणं टाकलं?”

“म्या टाकलं. तीन दिस झाले, रोज टाकून राहिली.” तिने मान वर केली नाही. “तूच तं म्हणत होती आंबट पाहिजे म्हणून. तुहं निंबूसत सकाळी टाकलं का रातच्याला उतरते. म्हटलं, गव्हाचं पाणी जहर आंबट हाय, त्यानं तरी टिकन.”

“ते सडते, मोठी आई. साऱ्या मुळ्या सडल्या.”

“मंग माहा गोडनिंब कसा नाही सडला?”

“तो मातीत आहे.”

“मंग मातीत लाव ना वं.”

मी ओरडले. तुला स्लॅब पाहिजे होता म्हणून केलंस, मुद्दाम केलंस, असं बरंच काही बोलले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली. मोठी आईने सूप बाजूला ठेवलं आणि प्रथमच तिचा आवाज खाली आला.

“स्लॅब पाहिजे असता तं तोंडानं मांगितला असता. मी भेते का कोणाले? तू लातूरले गेली का मंग मी भांडू कोणाशी? तुही माय तं भांडतच नाही. तुहा बाप घरी येऊन शिंकते अन् झोपते. तुह्या झाडानं टिकावं म्हणून रातच्याला गव्हाच्या पाण्याचा गंज उचलून जिना चढली मी, ह्या गुडघ्यानं.”

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. तिच्याजवळ बसावं असंही वाटलं आणि बसलेही नाही. मी वर जाऊन सगळी रोपं उपटली, पाइप धुतले, टाकी घासली. संध्याकाळी बाबा आले, शिंकले, वर जाऊन रिकामे पाइप पाहून आले. “आता बॅग आणून ठेवतो,” ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी निळी प्रवासी बॅग घरात आली आणि कपाटावर बसली. “ठेवा,” मी म्हटलं, “गाडी निघायले अजून टाइम आहे.” माझ्याजवळ त्या वेळी एकही झाड नव्हतं.

शनिवार होता. आई अंगणात चिंच लावून पिंप घासत होती आणि मी काही न करता पायरीवर बसले होते. चिंच लागली, पुटातून बुडबुडे आले, आईने धुतलं, अजून पूट होतं, पुन्हा चिंच, पुन्हा बुडबुडे. ती चिंच आधी चुना खात होती. चुना संपेपर्यंत पिंपातलं पाणी काही आंबट होत नव्हतं. वर्षानुवर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं, आणि बारावीच्या रसायनशास्त्रात मी हेच समीकरण लिहून पूर्ण मार्क घेतले होते. मी उठून एका पातेल्यात कोरं बोअरचं पाणी घेतलं, त्यात निंबूसत टाकलं आणि कान लावला. बारीक चरचर येत होती. टाकीतल्या खताच्या पाण्यात मी रोज जे टाकत होते ते अर्धं चुन्यात जात होतं, आणि उरलेलं निंबूसत पाण्यातले जंतू खात होते, हे मला पुढे कळलं. म्हणजे आधी कोऱ्या पाण्यातला चुना मारायचा. तो पूर्ण मरेपर्यंत थांबायचं. मग खत. आणि आम्ल असं पाहिजे जे जंतूंना खाता येणार नाही.

तसं आम्ल संत्र्याच्या बागांत असतं. ठिबकच्या नळ्या ह्याच बोअरच्या चुन्याने बुजतात, त्या उघडायला शेतकरी फॉस्फरिक आम्ल सोडतात. दादाकडे खाप्याला त्याची कॅन असणार, हे मी जेवताना बोलले. बोलले आईला. मोठी आईने ऐकलं. आमचा अबोला चालू होता. सकाळी ती खाटेवर नव्हती. दिवस मावळता मावळता ती परत आली, घामाने भिजलेली, लुगड्याच्या जुन्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी छातीशी धरून.

“कंडक्टर म्हणे, आजी, काय हाय कॅनीत? म्या म्हटलं, गोमूत्र हाय, बाप्पा. पाय लावू नको.” तिने कॅन जपून ओट्यावर ठेवली. “तुह्या दादानं हातमोजे देल्ले. अन् सांगून राहिला का ॲसिड पाण्यात टाकाचं, पाणी ॲसिडात नाही टाकाचं. नाहीतं तोंडावर उडते.”

एवढं बोलून ती आंघोळीला गेली. माफी तिने मागितली नाही, मीही मागितली नाही. जेवताना तिने माझ्या ताटात पहिली भाकर टाकली आणि आमचं बोलणं सुरू झालं.

पालकाचे दिवस गेले होते. तेवढ्या उन्हात तो टिकत नाही. मी अंबाडी लावली. ती नागपूरच्या उन्हाला जुमानत नाही, तिची पानं मुळातच आंबट असतात, आणि तिची भाजी, वर लसणाची फोडणी आणि ज्वारीची भाकर, यासाठी आमच्या गल्लीत कुणीही वाट वाकडी करील. एका निळ्या ड्रममध्ये कोरं बोअरचं पाणी भरलं, हातमोजे घालून त्यात थोडं थोडं आम्ल सोडलं, काठीने ढवळलं आणि रात्रभर उघडं ठेवलं. सकाळी आकडा चढलेला होता. पुन्हा थोडं सोडलं. पुढच्या सकाळी कमी चढला. त्याच्या पुढच्या सकाळी सहा होता, संध्याकाळी सहा होता, आणि खत कालवल्यावरही तो फार हलला नाही. मी मीटर हातात धरून ड्रमशेजारी बसून राहिले. इतका आनंद मला कुठल्याही मार्कांनी झाला नव्हता. टाकी तापू नये म्हणून बाबांच्या बाजारातला जुना बारदाना ओला करून तिच्याभोवती गुंडाळला, वर हिरवी जाळी बांधली. दुपारी बाया कुरडया उलटायला आल्या की त्या जाळीच्या सावलीत येऊन टेकायच्या. कावीळवालीने विचारलं, पहिली भाजी मले देशीन ना वं? मी म्हटलं, तुले शेवटची देईन.

त्या दिवसांतली एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. बाबा टॉवेल वाळत घालत होते आणि मी टाकीत मीटर बुडवायच्या आधी ते छोट्या वाटीतल्या ओळखीच्या पाण्यात बुडवत होते.

“हे कायचं?”

“याच्यात सात आला पाहिजे, बाबा. आला, तर मीटर खरं. मंग टाकीत.”

बाबा वाटीकडे पाहत राहिले. बाजारात ते रोज सकाळी काट्यावर आधी लोखंडी वजन ठेवत. काटा बरोबर बोलला तरच पहिलं पोतं चढू देत. व्यापारी घाई करत, ओरडत, एकदा एकाने त्यांना काढून टाकायची धमकीही दिली होती. बाबांनी त्याच्यासमोर पुन्हा एकदा वजन ठेवून काटा तपासला होता. हट्ट मी कुठून आणला, असं जे मला विचारतात त्यांनी त्या माणसाला पाहायला हवं होतं. त्या संध्याकाळी ते काही न बोलता खाली गेले, आणि मला त्यांचं न बोलणं पहिल्यांदा झोंबलं नाही.

गाडी रात्रीची होती. आईने सकाळीच बॅग भरली, कारण बाबांनी भर म्हटलं होतं. मी मदत केली नाही. मी वर जाऊन अंबाडीच्या रांगेत उभी राहिले. हातभर उंच, गर्द हिरवी, देठ लाल, एक पान पिवळं नाही. अट मी जिंकले होते, पण बॅग भरली जात होती, आणि बाबांच्या ‘पुढचं बोलू’चा अर्थ काय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मोठी आई अर्ध्या स्लॅबवर खाट टाकून तिच्या एका कडेला पसरलेल्या कुरडयांवरचे कावळे हाकत होती. जिन्यावर पावलं वाजली. बाबा वर आले. त्यांच्या हातात निळी बॅग होती.

त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी बोलले. “मी जात नाही, बाबा. तुम्ही उचलून गाडीत बसवलं तरी पुढच्या स्टेशनावर उतरीन अन् परत येईन. भाजी उभी आहे. तुम्हीच म्हटलं होतं.”

बाबांनी बॅग खाली ठेवली. “मीटर दे.”

मी दिलं.

“आधी ओळखीचं पाणी दे.”

मी वाटी पुढे केली. त्यांनी मीटर बुडवलं, सात आला, तो त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग टाकीशी वाकले. सहा. ते थांबले, मीटर पुसलं, पुन्हा बुडवलं. सहा.

“काल किती होतं?”

“सहा.”

“परवा?”

“सहाच.”

त्यांनी मीटर परत दिलं, खाली बसले आणि बॅगेची चेन उघडली. माझे घडी घातलेले कपडे एकेक काढून ते खाटेवर ठेवू लागले. मोठी आई म्हणाली, “भाऊजी, कुरडयांवर नका ठेवू कपडे.” त्यांनी कपडे थोडे सरकवले. बॅग रिकामी झाली तशी त्यांनी खांद्यावरचा टॉवेल टाकीभोवतीच्या बारदान्यात दाबून ओला केला आणि तो बॅगेच्या तळाशी पसरला.

“तोड आता. जुड्या सारख्या बांध. ऊन चढलं तं माना टाकीन, मले लवकर बाजारात पोचाचं हाय.”

मला वाकताच येईना, डोळे भरून आले होते. मोठी आई कावळे सोडून उठली आणि माझ्या आधी तोडायला लागली.

“अन् वजन मी करीन,” बाबा म्हणाले. “पोरगी म्हणून जास्त नाही सांगणार.”

“कमी पण नका सांगू,” मी म्हटलं.